धुराचा माग

२६ सप्टेंबर १९५०, मंगळवार. स्कॉटलंडमध्ये त्या दुपारी रस्त्याने जाणारे लोक थबकून वर बघत होते. सूर्य निळा दिसत होता. डोळे चोळून पाहिलं तरी निळाच. रात्री पौर्णिमेचा चंद्र वर आला, तोही निळा. एडिंबरोच्या रॉयल वेधशाळेत रॉबर्ट विल्सन यांनी घाईघाईने त्या सूर्याचा वर्णपट टिपून घेतला. सूर्याला काहीच झालेलं नव्हतं. मधल्या हवेत काहीतरी आलं होतं आणि ते तांबड्या प्रकाशाला निळ्यापेक्षा जास्त अडवत होतं.

दोनच दिवस आधी, रविवारी, अटलांटिकच्या पलीकडे याहून विचित्र प्रकार घडला होता. कॅनडाचा आग्नेय भाग आणि अमेरिकेची ईशान्येकडची राज्यं यांच्यावर भर दुपारी अंधार दाटला. रस्त्यावरचे दिवे लावावे लागले, कोंबड्या खुराड्यात परतल्या. कोरियातलं युद्ध सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. त्यामुळे कुणाला अणुबॉम्बची शंका आली, तर कुणाला जगबुडीची. धुराचा वास मात्र कुठेच नव्हता. धूर बराच उंचावरून चालला होता.

तो आला होता कॅनडाच्या पश्चिमेकडून, ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा प्रांतांच्या सीमेवरून. चिंचागा नदीच्या खोऱ्यात १ जूनला लागलेला वणवा सप्टेंबर संपत आला तरी धुमसत होता. वस्ती आणि रस्त्यांपासून दूर असलेली आग विझवायची नाही, असं तिथलं तेव्हाचं धोरण होतं. तो वणवा अखेर चौदा लाख हेक्टरांहून अधिक जंगल खाऊन थांबला. साध्या धुराचे कण फार बारीक असतात. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून वणव्याच्या धुरातून सूर्य तांबडा दिसतो. चिंचागाच्या धुरातले जे कण युरोपपर्यंत टिकले, ते जवळजवळ एकाच मापाचे, साधारण एक मायक्रॉनचे होते. या मापाला गणित उलटं होतं: तांबडा प्रकाश अडतो, निळा पार होतो.

या धुराचा प्रवास ज्यांनी जुळवून दाखवला, त्यांत अमेरिकेच्या वेधर ब्युरोचे संशोधनप्रमुख हॅरी वेक्सलर होते. हाताशी होत्या त्या ठिकठिकाणच्या वेधशाळांच्या नोंदी आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांची मोजमापं. धूर वरून दाखवेल असं काहीच नव्हतं. पहिला स्पुटनिक उडायला अजून सात वर्षं होती. पुढे १९५४ साली न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणात वेक्सलर यांनी एक व्याख्यान दिलं. उपग्रहावरून पृथ्वीचं हवामान कसं दिसेल, हा त्याचा विषय. नुसतं बोलून ते थांबले नाहीत, तसं चित्रच त्यांनी रंगवून घेतलं होतं. १ एप्रिल १९६० रोजी टायरॉस-१ हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह उडाला आणि ढगांची धूसर छायाचित्रं पाठवू लागला. ते बघायला वेक्सलर होते. १९६२ साली ते वारले.

गस्तवाला आणि राखणदार

आज धुरावर नजर ठेवणारे उपग्रह ढोबळमानाने दोन जातींचे आहेत. एक गावभर गस्त घालणाऱ्यासारखा, दुसरा मळ्यातल्या माळ्यावर बसून राखण करणाऱ्यासारखा.

गस्तवाले पृथ्वीभोवती ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरतात, सुमारे सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून. नासाचे टेरा (१९९९) आणि ॲक्वा (२००२) हे त्यांतले जुने जाणते. दोघांवरही मोडिस नावाचा संवेदक आहे. तो खालच्या २,३३० किलोमीटर रुंद पट्ट्याकडे ३६ वेगवेगळ्या तरंगपट्ट्यांतून बघतो. मोडिसचा वारसदार म्हणजे व्हिअर्स, २०११ मध्ये सुओमी एनपीपी उपग्रहावरून गेलेला. हे उपग्रह जवळ असल्याने बारीक बघतात, पण सारखे फिरत असल्याने एका जागेवर दिवसा एकदा आणि रात्री एकदाच येतात.

राखणदार बसतात ३५,७८६ किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या माथ्यावर. त्या उंचीवर उपग्रहाला एक फेरी मारायला पृथ्वीच्या एका वळशाइतकाच वेळ लागतो. त्यामुळे तो खालून एकाच जागी स्थिर दिसतो आणि त्यालाही समोर तोच भूभाग दिसत राहतो. अमेरिकेचा गोज, जपानचा हिमावारी, आपला इन्सॅट हे सगळे असे. गोज दर दहा मिनिटांनी अर्ध्या पृथ्वीचं चित्र देतो आणि गरज पडली तर एखाद्या छोट्या टापूचं दर मिनिटाला. एवढ्या लांबून बारीक काही दिसत नाही, पण जे दिसतं ते हलताना दिसतं.

जून २०२३ मध्ये या दोघांची जोडी उपयोगी पडली. महिन्याच्या सुरुवातीला कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात विजा कोसळून एकाच वेळी डझनांनी वणवे पेटले. त्याच सुमारास नोव्हा स्कोशियाजवळ कमी दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं. उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. म्हणजे त्याच्या पश्चिमेकडे वारा उत्तरेतून दक्षिणेला वाहणार, आणि नेमकं तिथेच क्वेबेक वर नि न्यूयॉर्क खाली. गोजच्या चित्रांची मालिका लावली की करड्या-तपकिरी धुराचा लोट एखाद्या नळातून ओतल्यासारखा दक्षिणेला घरंगळताना दिसतो. ७ जूनच्या दुपारी न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं, विमानं खोळंबली, बेसबॉलचे सामने पुढे ढकलावे लागले. पुढच्या काही दिवसांत तोच धूर अटलांटिक ओलांडून नॉर्वेत पोचला. त्या वर्षी कॅनडात दीड कोटी हेक्टरांच्या आसपास जंगल जळालं.

अशा वेळी अमेरिकेच्या नोआ संस्थेत काही माणसं संगणकासमोर बसून एक जुन्या पद्धतीचं काम करतात. गोजची चित्रं मागे-पुढे फिरवत ते धुराची कड हाताने आखतात: विरळ, मध्यम, दाट. यंत्राला एकाच चित्रात धूर आणि पातळ ढग यांच्यात फरक करणं जड जातं. माणसाला ते हालचालीवरून कळतं, कारण ढग जागेवर उमलतो आणि विरतो, धूर मात्र कुठल्या तरी टोकाला बांधलेला असतो.

आग कशी दिसते, धूर कसा दिसतो

आग आणि धूर या उपग्रहाच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या दोन वेगळ्या रीतींनी पकडाव्या लागतात.

आगीची खूण म्हणजे उष्णता. आपल्या पायाखालची जमीन अवरक्त प्रकाश सोडत असते, त्याचा भर साधारण दहा मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास असतो. जळतं लाकूड त्याहून कितीतरी तापलेलं असल्याने त्याचा भर चार मायक्रॉनकडे सरकतो. मोडिस दोन्ही तरंगलांब्यांत एकाच जागेकडे बघतो. चार मायक्रॉनला ती जागा आसपासच्या ठिपक्यांपेक्षा अचानक भडक दिसली आणि अकराला तेवढी नाही, तर तिथे काहीतरी जळतंय. मोडिसचा एक ठिपका एक किलोमीटर लांब-रुंद असतो, पण त्यातलं हजार चौरस मीटर, म्हणजे जेमतेम पाव एकर जळत असलं तरी ते सहसा सापडतं. व्हिअर्सचा ठिपका ३७५ मीटरचा, त्यामुळे त्याला याहून लहान आगीही दिसतात.

याच रीतीने डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था मोडिस आणि व्हिअर्सच्या नोंदींवरून राज्यांच्या वनखात्यांना मोबाइलवर वणव्याचे इशारे पाठवते. फेब्रुवारी ते मे या काळात सह्याद्रीत आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या रानात जाळरेषा राखणाऱ्या वनरक्षकाला कितीदा तरी पहिली खबर आकाशातून मिळते. मात्र लाल ठिपका म्हणजे वणवाच, असं नाही. नासाच्या खुल्या नकाशावर मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात ठिपके दिसतात. ते मुंबई हाय तेलक्षेत्रात जाळल्या जाणाऱ्या वायूच्या ज्वाळांचे. उलट कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, ती आग इतकी लहान आणि थोडा वेळ असते की बहुतेकदा नकाशावर तिचा मागमूस नसतो.

धूर गरम नसतो. लोट वर गेला की तो लवकर भोवतालच्या हवेइतका थंड होतो. म्हणून त्याला प्रकाशावरून ओळखायचं. ढग पांढरा असतो, वाळवंटी धूळ मातकट, धूर निळसर-करडा किंवा तपकिरी. २३ जानेवारी २०२२ च्या रविवारी मुंबई-पुण्याकडे हवा अशी काही धुरकटली की पुढची इमारत दिसेना, आणि उभ्या गाड्यांवर पांढुरका थर बसला. कुठे आग लागली का, अशी विचारणा सुरू झाली. उपग्रहचित्रात उत्तर होतं. आदल्या दिवशी पाकिस्तानच्या किनाऱ्यावरून निघालेला धुळीचा मातकट पट्टा अरबी समुद्रावरून आपल्याकडे येत होता.

नुसत्या रंगावर शास्त्राचं भागत नाही, मोजमाप लागतं. त्यासाठी एरोसोल ऑप्टिकल डेप्थ नावाचा आकडा वापरतात. त्याला आपण हवेचा गढूळपणा म्हणू. डोक्यावरच्या सूर्याचा किती प्रकाश सरळ खाली पोचतो, हे तो सांगतो. आकडा ०.१ असला तर कणांमुळे जेमतेम दहा टक्के प्रकाश वाटेत अडतो. १ झाला की सुमारे ३७ टक्केच पोचतो, आणि ३ झाला की पाच टक्के. उपग्रह हा आकडा उलट बाजूने काढतो: परतून आलेल्या प्रकाशात जमिनीचा वाटा किती नि कणांचा किती. गडद रंगाच्या जंगलावर किंवा समुद्रावर हे सोपं जातं. चकाकत्या वाळवंटावर कण वेगळे काढणं अवघड. म्हणून उपग्रहाचा हिशेब जमिनीवरून तपासावा लागतो. एरोनेट या जागतिक जाळ्यातली उपकरणं थेट सूर्याकडे रोखलेली असतात आणि तोच गढूळपणा खालून मोजतात. कानपूरच्या आयआयटीत २००१ पासून असं एक उपकरण आहे, पुण्यातही आहे.

धूर ढगावर बसला तर? पांढऱ्यावरचं करडं डोळ्याला नीट दिसत नाही. इथे अतिनील प्रकाश कामी येतो. हवेचे रेणू अतिनील प्रकाश भरपूर विखुरतात. काळपट धूर मध्ये आला की तो त्यातला काही गिळतो आणि परत येणाऱ्या प्रकाशात खोट दिसते. ही युक्ती १९७८ साली निंबस-७ वरून गेलेल्या टॉम्स या उपकरणाच्या नोंदींतून पुढे आली. ते पाठवलं होतं ओझोन मोजायला. आता युरोपचा सेंटिनेल-५पी हेच काम करतो आणि जोडीला धुराबरोबर वाहणारा कार्बन मोनॉक्साइडही मोजतो. हा वायू हवेत काही आठवडे टिकतो. त्यामुळे धूर डोळ्यांना दिसेनासा झाला तरी त्याची वाट सापडते.

किती उंच?

वरून काढलेल्या छायाचित्रात एक गोष्ट कळत नाही: धूर जमिनीलगत आहे की दहा किलोमीटर वर. आणि खालच्या माणसाला तेवढंच जाणून घ्यायचं असतं. १९५० च्या त्या रविवारी अंधार झाला, पण वास आला नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ ला घसे जळजळले. वरून दोन्ही चित्रं सारखीच दिसली असती.

उंची मोजण्याचे दोन मार्ग आहेत. टेरावरच्या मिसर या उपकरणाला नऊ कॅमेरे आहेत, काही पुढे रोखलेले, एक सरळ खाली, काही मागे. उपग्रह सात मिनिटांत एकच लोट नऊ कोनांतून बघतो आणि आपले दोन डोळे खोली जोखतात तशी उंची काढतो. दुसरा मार्ग म्हणजे स्वतःच प्रकाश टाकणं. एप्रिल २००६ मध्ये उडालेला कॅलिप्सो उपग्रह लेसरचे ठोके खाली सोडायचा आणि कुठल्या थरावरून किती प्रकाश परतला हे मोजायचा. हाती येई तो हवेचा उभा काप, पाव सुरीने कापल्यासारखा. अडचण एकच, हा काप केसाएवढा अरुंद. लोटावरून कॅलिप्सोची वाट गेली तरच धूर सापडणार.

या उभ्या कापाने एक जुनी समजूत मोडीत काढायला मदत केली. दहा-पंधरा किलोमीटरच्या वर सुरू होणाऱ्या स्थितांबरात कण पोचवण्याची ताकद फक्त मोठ्या ज्वालामुखीत असते, असं मानलं जाई. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतले माइक फ्रॉम आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सांगत होते की हे वणव्यालाही जमतं. फार मोठी आग स्वतःचाच गडगडाटी ढग उभारते. त्यातून विजा पडतात, पाऊस मात्र थोडा. हा ढग धुरांड्यासारखा धूर वर ओढून नेतो. जुन्या नोंदी चाळल्यावर त्यांना असंही दिसलं की १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखीच्या नावावर मांडलेला एक थर खरं तर क्वेबेकच्या वणव्याचा होता.

मग २०१९ संपता संपता आग्नेय ऑस्ट्रेलिया पेटला. २९ डिसेंबर ते ४ जानेवारी या आठवड्यात अशा ढगांनी स्थितांबरात इतका धूर कोंबला की उपग्रहांच्या काळात वणव्याने तोवर तसं केलं नव्हतं. फ्रान्सचे सर्गेई खायकिन आणि सहकाऱ्यांनी त्यातला एक मोठा पुंजका पकडून त्याचा पाठलाग केला. काळ्या कणांनी ऊन शोषलं, भोवतालची हवा तापली, आणि सुमारे हजार किलोमीटर व्यासाचा धुराचा भोवरा स्वतःभोवती फिरत वर चढू लागला. तो तेरा आठवड्यांहून अधिक टिकला, ६६ हजार किलोमीटर फिरला आणि ३५ किलोमीटर उंची गाठली. प्रवासी विमानं जातात त्याच्या तिप्पट उंच.

दुपारी दीडचा साक्षीदार

आपल्याकडचं सगळ्यात चर्चेतलं उदाहरण वणव्याचं नाही, शेताचं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब-हरयाणात भातकापणीनंतर उरलेली पराली जाळतात. २००९ मध्ये पंजाबने भूजल वाचवायला कायदा करून लावणी जूनमध्ये पुढे ढकलली. त्यामुळे कापणीही लांबली, आणि गहू पेरण्याआधी शेत मोकळं करायला दोन-तीन आठवडेच उरू लागले. शिवाय यंत्राने कापलेल्या भाताचे उभे खुंट शेतात राहतात. काडी ओढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. तोवर थंडी सुरू झालेली असते, वारा मंदावलेला असतो आणि हवेचा खालचा थर दबलेला. वायव्येकडून आलेला धूर दिल्लीवर साचतो.

या आगी रोज मोजल्या जातात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतली प्रयोगशाळा १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर दररोज आकडे जाहीर करते. पुण्याच्या पाषाणमधली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थाही यात आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी तिथल्या शास्त्रज्ञांनी दिल्लीत 'सफर' ही हवेच्या अंदाजाची यंत्रणा उभारली. दिल्लीच्या आजच्या हवेत परालीच्या धुराचा वाटा किती टक्के, हा बातम्यांतला आकडा पुढे तिथून येऊ लागला. आगींचे ठिपके, वाऱ्याची दिशा आणि दिल्लीतली मोजमापं एकत्र करून हे गणित मांडतात.

अलीकडच्या वर्षांत ठिपके झपाट्याने कमी झाले. ही आनंदाची बातमी होती. पण २०२४ च्या हंगामात नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करणारे हिरेन जेठवा यांनी एक विसंगती दाखवली: ठिपके कमी झाले, हवेचा गढूळपणा मात्र त्या प्रमाणात उतरला नाही. मग त्यांनी कोरियाच्या जीके-२ए या भूस्थिर उपग्रहाची चित्रं पाहिली. तो दर दहा मिनिटांनी बघतो. धुराचे लोट उठत होते दुपार उलटल्यावर. ज्या गस्ती उपग्रहांवर मोजणी चालते, ते भारतावरून दुपारी दीडच्या सुमारास जातात. आग लागते ती ते गेल्यावर. त्या वेळा ठरवून पाळल्या जातात की नाही यावर वाद झाले. मोजणीतली फट मात्र खरी होती.

मग भूस्थिर इन्सॅटवरच का मोजू नये? कारण त्याच्या अवरक्त चित्रातला एक ठिपका चार किलोमीटरचा, म्हणजे १,६०० हेक्टरांचा. व्हिअर्सचा ठिपका साधारण १४ हेक्टरांचा, म्हणजे ३५ एकर. दोन-चार एकर पराली जळण्याची ऊब इन्सॅटच्या ठिपक्यात विरून जाते. ज्याला बारीक दिसतं तो वेळेवर नसतो, आणि जो सतत हजर असतो त्याला बारीक दिसत नाही. म्हणून आता जळून काळी पडलेली शेतं नंतर मोजण्यावरही भर दिला जातो. आग तासाभरात विझते, पण काळा डाग नांगरट होईपर्यंत राहतो.

एवढं करूनही उपग्रह मोजतो तो जमिनीपासून आकाशापर्यंतचा सगळा धूर. फुप्फुसात जातो तो नाकाच्या उंचीवरचा, अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचा, म्हणजे पीएम २.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार चोवीस तासांची सरासरी घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. भारतीय मानक ६० पर्यंत मुभा देतं. हा आकडा खात्रीने सांगतं ते खांबावर बसवलेलं यंत्र. ते आपल्यापुरतं सांगतं, पण धूर कुठून आला हे त्याला ठाऊक नसतं.

साक्षीदारही बदलत राहतात. कॅलिप्सोचं काम १ ऑगस्ट २०२३ रोजी थांबलं. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपानने मिळून अर्थकेअर पाठवला, त्यावर नवा लेसर आहे. टेरा आणि ॲक्वाचं इंधन संपत आलंय.

वाचकाला हे स्वतः बघता येईल, फुकट आणि घरबसल्या. नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर फेब्रुवारी २००० पासून जवळजवळ रोजचं चित्र साठवलेलं आहे. सुरुवात ७ जून २०२३ आणि न्यूयॉर्कपासून करावी, तिथला धूर ओळखायला सोपा आहे. नंतर गेल्या नोव्हेंबरचा पंजाब उघडावा, आगीचे ठिपके चालू करावेत आणि दिल्लीकडे येणारा करडा पट्टा शोधावा. पट्टा दिसला आणि ठिपके फारसे दिसले नाहीत, तर ते चित्र दुपारी दीडचं आहे हे लक्षात घ्यावं.